क्रेस्टेड गेकोचं पाणी: टायमरचा मिस्टर, हातफवारा आणि वाटी (एक हिवाळा, एक उन्हाळा वापरल्यानंतर)

आधी निकाल सांगते, कारण बरेच जण तेवढाच शोधत येतात. ऑटोमॅटिक मिस्टर (टायमरवर आपोआप बारीक तुषार उडवणारा पंप) घेण्याजोगा आहे आणि मी तो काढणार नाही. गेको (पालीचाच एक प्रकार) ज्यात राहतो त्या काचेच्या टँकमधला दमटपणा तो उत्तम सांभाळतो. गेको पाणी प्यायला की नाही, हे मात्र त्याच्यावर सोपवता येत नाही. त्यासाठी संध्याकाळी हातफवारा घेऊन स्वतः टँकसमोर बसावं लागतं.

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. घरात दोन गेको आहेत. चिकू क्रेस्टेड, त्याचा टँक उभा, ४५ बाय ४५ बाय ६० सेंटीमीटर, आत झाडं आणि फांद्या. मोहरी लेपर्ड गेको, तिचा टँक आडवा आणि कोरडा. हा अनुभव मुख्यतः चिकूच्या पाण्याचा आहे.

क्रेस्टेड गेको मूळचा प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनियाचा. १८६६ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली, पुढे तो नामशेष झाला असंच समजत होते, आणि १९९४ साली तो पुन्हा सापडला. तिथल्या दमट जंगलात तो रात्री झाडांवर फिरतो आणि पानांवर साचलेले थेंब चाटतो. पाळलेला गेकोही तेच करतो. फवारा मारला की चिकू काही वेळ नुसता बसून राहतो, मग जीभ काढून आधी स्वतःच्या नाकावरचे आणि डोळ्यांवरचे थेंब पुसून घेतो (क्रेस्टेडला पापण्या नसतात, डोळे जिभेनेच साफ होतात), आणि त्यानंतर पानाकडे किंवा काचेकडे वळतो. एकदा चाटायला लागला की बराच वेळ थांबत नाही. मला हे बघण्याचा अजून कंटाळा आलेला नाही.

आता मिस्टर. एक छोटा पंप, बारीक नळी, टँकच्या जाळीत बसवलेले दोन नोझल आणि सेकंदांत लावता येणारा टायमर, एवढाच मामला. टायमर नीट पाहून घ्या. सॉकेटला लावायच्या साध्या यांत्रिक टायमरचा सगळ्यात लहान टप्पा बहुधा पंधरा मिनिटांचा असतो. तेवढा वेळ पंप चालला तर टँकमध्ये पूर येईल. आमचा पहाटे वीस सेकंद आणि रात्री दिवे मालवल्यावर तीस सेकंद चालतो. रात्री आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या आसपास जाते आणि दुपारपर्यंत पन्नाशीला उतरते. हे उतरणं फार महत्त्वाचं आहे. टँक कायम ओला ठेवला तर बुरशी येते आणि गेकोच्या त्वचेला संसर्ग होतो. म्हणून डिजिटल आर्द्रतामापक हवाच; काटेवाल्या स्वस्त डायलवर माझा भरवसा नाही. हिवाळ्यात सेंट्रल हीटिंग सुरू झालं की खोलीची हवा इतकी कोरडी होते की टँक दुपारच्या आधीच सुकतो. तेव्हा सकाळच्या फवाऱ्याला दहा सेकंद वाढवते.

यात अडचण अशी की मिस्टरचं तुषार फार बारीक असतं. झाडांना ते छान, पण पानावर चाटण्याजोगा टपोरा थेंब जमायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ पंप चालवला तर खालची माती चिखल होते. बागेसाठी मिळतो तो हातपंपाचा दीड-दोन लिटरचा फवारा इथे सरस ठरतो. नोझल थोडं सैल केलं की काचेवर आणि रुंद पानांवर मोठे थेंब बसतात. चिकू जागा होतो त्या सुमाराला, दिवे मालवण्याच्या थोडं आधी मारते. थेट तोंडावर कधीच नाही. पाणी खोलीच्या तापमानाचं. फवारा नवाकोराच घ्या. ज्यात कधीही कीटकनाशक भरलं होतं तो कितीही धुतला तरी नको.

पाणी कोणतं, यावर मी सगळ्यात जास्त डोकं लावलं. रेडिंगचं पाणी चुनखडीच्या खडकातून येतं, अतिशय जड. किटलीत जो पांढरा थर बसतो तोच टँकच्या काचेवर आणि नोझलच्या सुईएवढ्या भोकात बसतो. इथे मत्स्यालयाच्या दुकानात आरओ (गाळून क्षार काढलेलं) पाणी लिटरवर मिळतं, आपला कॅन घेऊन जायचं. मिस्टरमध्ये मी फक्त तेच घालते. काच स्वच्छ राहते, आणि नोझल मधूनमधून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले की पुरतं. हातफवाऱ्यात आणि वाटीत मात्र नळाचंच पाणी, क्लोरीन घालवणारे थेंब टाकून. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडतो हे खरं, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन वापरतात, आणि तो असा उडत नाही. थेंबांची बाटली महिनोन्‌महिने पुरते.

मिस्टर बसवताना पाण्याचा कॅन नोझलपेक्षा खाली ठेवा. वर ठेवला तर पंप बंद झाल्यावरही सायफनमुळे थेंब गळत राहतात. कॅन अपारदर्शक असलेला बरा, उजेड लागला की आत शेवाळ धरतं. शिवाय त्यात बुळबुळीत थर जमतो, म्हणून दर आठवड्याला रिकामा करून घासून वाळवते. हे काम जमणार नसेल तर मिस्टर घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तोच थर उद्या तुषार होऊन गेकोच्या अंगावर पडतो. पंपाची घरघर बऱ्यापैकी आहे. खाली जाड फोम घातल्यावर सुसह्य झाली.

वाटीही असतेच. काचेला चुंबकाने चिकटणारी एक छोटी फळी आहे, तिच्यात दोन कप: एकात पाणी, एकात क्रेस्टेडचं पावडरचं खाणं. ते एका भागाला दोन भाग पाणी घालून कालवतात, त्यामुळे पोटात जाणारं बरंचसं पाणी त्यातूनच मिळतं. पाण्याच्या कपात एक खडा टाकून ठेवा, खायला सोडलेले क्रिकेट किडे बुडून पाणी नासत नाही. चिकू कपाकडे क्वचित जातो. तरीही वीज गेली किंवा पंप अडला तर तोच आधार, म्हणून पाणी रोज बदलते.

पाणी पुरतंय का, हे विष्ठेवरून कळतं. तिच्यातला पांढरा भाग मऊ हवा. तो पिवळा-केशरी आणि खडूसारखा कडक दिसला तर पाणी कमी पडतंय. डोळे खोल जाणं आणि कातडी सैल पडून सुरकुतणं ही पुढची लक्षणं, तेव्हा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडेच जावं. कात टाकल्यावर बोटं आणि शेपटीचं टोक बघायची सवय लावा. कोरड्या टँकमध्ये कात तिथे अडकते, रक्तपुरवठा आवळला जातो आणि बोट गळून पडू शकतं. क्रेस्टेडची शेपटी तर एकदा गेली की परत येतच नाही.

मोहरीला यातलं काहीच लागत नाही. लेपर्ड गेको अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या खडकाळ भागातली. तिला उथळ, जड वाटीत रोज ताजं पाणी आणि कात टाकण्यासाठी ओलं मॉस घातलेली एक बंद गुहा पुरते. ती वाटीतून मांजरासारखं लपालप पिते. तिच्यासाठी मिस्टर घेणं म्हणजे पैसे वाया, आणि दमटपणाने त्रास वेगळाच.

वाट्या आणि कॅन स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. वेगळी बादली, वेगळा ब्रश, आणि नंतर साबणाने हात. घरात लहान मूल असेल तर हे फार काटेकोरपणे पाळा.

सुट्टीत भारतात जातो तेव्हा मिस्टरचं मोल कळतं, कारण दमटपणाची काळजी राहत नाही. तरी शेजारच्या ताईंना किल्ली देऊन जातो. त्यांनी एक दिवसाआड यायचं, दोन्ही कप बदलायचे, कॅन अर्ध्याखाली गेला असेल तर कपाटातलं आरओ पाणी भरायचं, आणि संध्याकाळी हातफवारा मारून चिकू चाटताना दिसला का ते मला कळवायचं.