भरिताच्या वांग्यातील पिवळे चिकट सापळे : एका हंगामाचा अनुभव

यावल तालुक्यातील भालोद येथे आमच्या एक एकर भरिताच्या वांग्यात यंदा पिवळे चिकट सापळे लावले. मागील दोन हंगामांत बोकड्याने, म्हणजे पर्णगुच्छ रोगाने, इतकी झाडे गेली की तो पसरवणाऱ्या, रस शोषणाऱ्या तुडतुड्यांवर लागवडीपासूनच नजर ठेवणे भाग होते.

वस्तू म्हणून सापळा चांगला आहे. वरचा कागद सहज सुटतो आणि श्रावणातल्या झडीतही चिकटपणा टिकला. सापळा काठीला शेंड्याच्या किंचित वर बांधला आणि झाड वाढले तशी गाठ वर सरकवली. आठव्या दिवशी भिंगातून पाहिले, तेव्हा हिरव्या तुडतुड्यांच्या गर्दीत काही निराळे तुडतुडे दिसले, ज्यांच्या मिटलेल्या पंखांवर पाठीच्या मधोमध तपकिरी गोल डाग होता. बोकड्या पसरवणारे ते हेच.

‘हे लावा, बोकड्या येणारच नाही’ असे सांगून दुकानदाराने सापळे विकले, ही मात्र शेतकऱ्याची दिशाभूल आहे. बोकड्याचे मूळ फायटोप्लाझ्मा, म्हणजे पेशीभित्तिका नसलेला जिवाणू. अशा रोगांना १९६७ पर्यंत विषाणूजन्यच समजत असत. रोगट झाडाचा रस शोषताना तो जिवाणू तुडतुड्याच्या पोटात जातो, तेथे वाढून लाळेत उतरतो आणि मग तो तुडतुडा मरेपर्यंत निरोगी झाडांना रोग देत राहतो. सापळ्यावर न चिकटलेले थोडे तुडतुडेही त्यामुळे पुरेसे ठरतात. आमच्याकडेही काही झाडांची पाने बारीक, मऊ, फिकट होऊन गुच्छ झाले, फुले हिरवी पडली आणि फळ धरलेच नाही. अशी झाडे बरी होत नाहीत. आम्ही ती दिसताक्षणी उपटून जाळली. बांधावरचा धोतराही काढला, कारण हा रोग त्यावरही तग धरतो.

पाऊस थांबल्यावर गाडवाटेच्या धुळीने त्या बाजूचे सापळे निकामी झाले व बदलावे लागले. ढालकिडेही चिकटून मेले, याचे वाईट वाटले. मावा ही कीड खाणारा हा आपला मित्रकीटक आहे. म्हणून शेतभर दाट सापळे लावण्यापेक्षा एकरी दहा-बारा लावून दर आठवड्याला मोजणी करावी, हे मला पटले. पुढील जुलैत लागवड होताच हेच सापळे पुन्हा घेणार आहे, आणि पहिला धोतऱ्याच्या बांधाला लावणार आहे.