पुण्यातलं इन्फ्युजन डे-केअर: सहा डोसनंतर

मला क्रोन्स आहे, म्हणजे आतड्याला सतत सूज आणणारा आजार. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या डे-केअरमध्ये मी इन्फ्लिक्सिमॅब हे सलाईनमधून द्यायचं औषध घेते. पहिले तीन डोस सहा आठवड्यांत झाले, आता दर आठ आठवड्यांनी फलटणहून पहाटेची एसटी पकडून स्वारगेटला उतरायचं. परवा सहावा झाला.

पहिल्या भेटीत औषध दिलंच नाही, परत पाठवलं. तेव्हा रडू आलं होतं. अकरा किलो वजन गेलेलं आणि स्टेरॉइडने तोंड सुजलेलं. टीबीची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली होती. डॉक्टर मॅडमनी फाइलच्या मागच्या कोऱ्या पानावर आतडं काढून दाखवलं. भिंतीतल्या मॅक्रोफेज आणि टी-पेशी टीएनएफ नावाचा पदार्थ सोडतात, तो रक्तातून आणखी पांढऱ्या पेशी बोलावतो, त्याही तेच करतात. सूज ओसरतच नाही, व्रण पडत जातात. हे औषध त्या टीएनएफलाच धरून ठेवतं. पण टीबीचे जंतू अंगात झोपलेले असतील, तर त्यांच्याभोवती याच पेशी कडं करून बसलेल्या असतात आणि ते कडं टिकतं टीएनएफवर. औषध दिलं की कडं सुटायची भीती. शिवाय आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला इतके सारखे, की मॅडमनी बायोप्सीचे तुकडेही पुन्हा तपासून घेतले. छातीचा एक्स-रे काढला, टीबी प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या आणि महिन्याभराने पहिली सलाईन लावली. घाई न करणारी अशी जागा मिळाली याबद्दल मी कायम ऋणी आहे.

सिस्टर तर फार जपून काम करतात. माझं वजन ५६ किलो; किलोमागे ५ मिलिग्रॅम म्हणजे २८०, त्यासाठी १०० च्या तीन बाटल्या लागतात. प्रत्येकीवरचं नाव, बॅच आणि मुदत मला वाचून दाखवतात. पाणी घातल्यावर बाटली नुसती अलगद फिरवतात आणि फेस बसेपर्यंत थांबतात. “प्रोटीन आहे हे ताई, खळाखळा हलवायचं नाही.” मग फिल्टरची नळी, दोन तास संथ थेंब, मधून मधून बीपी आणि नंतर तासभर बसवून ठेवणं.

गुण आला का? शौचाच्या तपासणीतलं कॅलप्रोटेक्टिन ११८० होतं, आता १४० आहे. हे प्रथिन न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींतून येतं. आकडा उतरला म्हणजे आतड्यात त्यांची गर्दी कमी झाली. मी पुन्हा भाकरी खाते.

आता तक्रार. आठ खुर्च्या आणि स्वच्छतागृह एकच! पोटाच्याच पेशंटसाठी ही सोय आहे हे बांधणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं का? सलाईनच्या स्टँडचं एक चाक अडकतं, ते उचलून धरत पळावं लागतं. दुसऱ्या डोसला मी दारापर्यंत पोचले नाही. लेखी अर्ज दिलाय, अजून उत्तर नाही. विम्याची मंजुरी दर वेळी नव्याने लागते, त्यात दहाची वेळ बाराला जाते आणि परतीची चारची गाडी चुकते. मंजुरीचे कागद आदल्या आठवड्यातच पाठवा.

आणि खुर्ची आठ नंबरची मागा, दाराला लागून आहे. सिस्टर माझ्यासाठी ती न सांगता ठेवतात.