बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन, नऊ महिन्यांनंतर: फॅन बरा आहे हो, पण वायर वीतभर

पोळ्याच्या आदल्या दिवशी फॅन बंद पडला म्हणून हे लिहून राहिलो, नाहीतर लिहिलं नसतं. सहा इंची, लोखंडी बॉडीचा, मागं शटरवाला. वॉट वगैरे खोक्यावर असतंच, त्यात जात नाही. डिसेंबरात तालुक्याच्या गावातून साडेअकराशेला आणला, दोन वर्षांची वॉरंटी.

खोका उघडल्यावर पहिली गोष्ट डोळ्यात आली ती वायर. मी वीत लावून पाहिली, बरोब्बर एक वीत. फॅन बसणार छताजवळ, बोर्ड दाराबाहेर, मधे सात-आठ फूट, मग ही वीतभर वायर कोणाच्या कामाची? हजार रुपये घेता अन चार फूट वायर द्यायला जीव जातो? म्हणजे जॉइंट मारणं आलंच, अन तोही बाथरूमच्या आत, जिथं रोज वाफ. वायरमनला म्हटलं तर तो म्हणे, "काई नाई होत भाऊ, टेप मारून देतो मस्त." मारला त्यानं काळा टेप. मी पण गप बसलो, कारण नवीन वायरचे पैसे वाचून राहिले होते, खोटं कशाला बोलू.

जागेचं सांगतो. वायरमन दाराच्या वरच फॅन लावा म्हणत होता, बोर्ड जवळ पडतो म्हणून. ते मी ऐकलं नाही. दाराखालून आलेली हवा तिथूनच वर जाऊन बाहेर पडली तर कोपऱ्यातली वाफ कोण काढणार? फॅन दारासमोरच्या भिंतीत अन जितका वर जाईल तितका वर पाहिजे, वाफ वरच जमते. आमच्याकडे समोरच्या भिंतीत तिरप्या काचांचा व्हेंटिलेटर होता, त्याच्या वरच्या काचा काढून प्लायवूड ठोकलं अन त्यात फॅन बसवला. भिंत फोडायचा खर्च वाचला. खालच्या दोन काचा तशाच राहू दिल्या, म्हटलं तेवढीच हवा.

इथंच फसलो. आमचं बाथरूम पाच बाय सात, उंची आठ फूट, म्हणजे आठेक घनमीटर हवा. असा फॅन कागदावर तासाला दोनशे घनमीटरच्या वर फेकतो, म्हणजे दोन-अडीच मिनिटांत सगळी हवा बदलायला पाहिजे. अन इथं आंघोळीनंतर अर्धा तास झाला तरी आरसा धुरकटच, स्लॅबच्या कोपऱ्यात काळी बुरशी चढून राहिलेली. दोन महिने मी फॅनलाच शिव्या घातल्या, चार जणांना सांगितलं घेऊ नका म्हणून. मग एक दिवस मायच्या देवघरातली उदबत्ती घेऊन स्टुलावर चढलो. त्या खालच्या काचांच्या फटीजवळ धरली तर धूर बाहेरून आत आला अन वळून सरळ फॅनमधे गेला. दाराजवळ धरली तर धूर उभाच्या उभा, हलेच ना. म्हणजे फॅन बाहेरचीच हवा घेऊन बाहेर फेकत होता, बाथरूमशी त्याचा संबंधच नव्हता! माय खालून म्हणे, "मले तर वाटे तू पूजा करून राहिला."

काचा अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्यानं बंद केल्या. पण मग दार लावलं की फॅनचा आवाजच बदले, घुसमटल्यासारखा. आत हवा यायला रस्ताच नाही तर तो बाहेर काय फेकणार. दार खालून पाऊण इंच कापलं, सुताराचे शंभर रुपये. त्या दिवसापासून आरसा दहा मिनिटांत साफ. तेव्हा ज्या चार जणांना घेऊ नका म्हटलं होतं त्यातल्या दोघांना परत फोन केला. फॅन चांगला आहे.

एक मधेच सांगतो, गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर फॅन लावला म्हणून बिनधास्त होऊ नका. दाराला फट नसली तर हाच फॅन जळालेला गॅस परत खोलीत ओढतो, अन कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आमचा गिझर बाहेर पडवीत आहे.

शटरची एक तक्रार. रब्बीत गव्हाला, चण्याला पाणी सुरू झालं की मोटारींमुळं व्होल्टेज पडतं, फॅन हळू फिरतो अन शटरच्या पट्ट्या अर्ध्याच उघडून टकटक करतात. त्यात आमच्या मागच्या खोलीत कापूस भरलेला, त्याची रुई उडून पट्ट्यांच्या बिजागरीत बसली, पट्ट्या उघड्याच राहिल्या अन एक पाल आत. महिन्यातून एकदा ब्रश मारावा लागतो. चालते.

आता पोळा. सणाची साफसफाई म्हणून स्विच बंद करून ओल्या फडक्यानं फॅन पुसत होतो. हात त्या टेपला लागला अन कोपरापर्यंत झिणझिणी! स्विच बंद असताना! स्टुलावरून पडलो नाही हे नशीब. नंतर स्विच चालू केला तर फॅन गप. सर्व्हिसवाल्यांना फोन लावला, ते म्हणे पाणी गेलं असंल तर वॉरंटीत बसत नाही, फॅन घेऊन या. पोळा झाल्यावर फॅन पिशवीत टाकून एसटीनं साठ किलोमीटर गेलो. रस्ताभर मनात भांडण जुळवत होतो. तिथल्या पोऱ्यानं टेबलावर दोन वायरी जोडल्या अन फॅन गरागरा फिरला. मेगर, म्हणजे करंट बॉडीत गळतो का ते तपासायचं यंत्र, लावून पाहिलं, करंट उतरत नाही. "फॅन ओके आहे काका." सगळं जुळवलेलं भांडण तिथंच विरघळलं. तरी मी विचारलंच, "मग वायर एवढीशी काऊन देता?" तो म्हणे सगळ्यांचीच एवढीच असते.

घरी येऊन एमसीबी पाडला, टेप कापला. आत तांब्यावर हिरवं चढलेलं, एक तार तुटलेली, टेपचा गोंद चिकट पाण्यासारखा. पुसताना ओढली गेली अन तुटली. पण स्विच बंद असताना करंट का? बोर्ड उघडून टेस्टर लावला तर वायरमननं फेजच्या (करंट आणणाऱ्या तारेच्या) जागी न्यूट्रल (परतीची तार) स्विचमधून नेलेला. म्हणजे स्विच बंद केला तरी फॅनपर्यंत फेज उभाच. अन अर्थिंगची हिरवी वायर? गुंडाळून टेपमधे कोंबलेली, कशालाच जोडलेली नाही. लोखंडी बॉडी, अन अर्थिंग नाही!

मग दुसरा माणूस बोलावला. फॅनची मागची डबी उघडून ती वीतभर वायर काढूनच टाकली, कनेक्टरवरून तीन कोरची सलग वायर, प्लायमधून सरळ बाहेर, टिनाच्या खालून पीव्हीसी पाइपातून बोर्डापर्यंत. मधे एकही जॉइंट नाही. फेज स्विचमधून, अर्थिंग बॉडीला, अन मेनवर ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन पाडणारा स्विच. उन्हाळ्यात आमची काळी माती भेगाळते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत जा म्हणून सांगून गेला. वायर-पाइपाचे चारशे, मजुरी तीनशे, आरसीसीबी वेगळा. जे पैसे डिसेंबरात वाचवले होते ते असे गेले. फॅनचं लाइटबिल म्हणाल तर रोज तासभर चालवून महिन्याला एक युनिट, तेवढं कळतही नाही.

आता माय म्हणते स्वयंपाकघरात पण एक लाव, फोडणीचा ठसका बसतो. परवा दुकानात गेलो, दुकानदार स्पीड सांगू लागला, म्हटलं आधी खोका उघडा. उघडला. वीतभर. अजून घेतला नाही.