सवाना मॉनिटरचं पिल्लू: काचेची टाकी की लाकडी पेटी?

आधी स्पष्ट सांगतो, आपल्याकडची घोरपड पाळायची नाही. ती वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. हे आफ्रिकेतल्या सवाना मॉनिटर या घोरपडीच्या जातभाईबद्दल, आणि त्याचीही केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

काचेची टाकी तयार मिळते, पिल्लू दिसतंही छान. पण वरच्या जाळीतून ऊब आणि ओल दोन्ही निघून जातात. म्हापशात जुलैत फरक कळणार नाही. एसी लावलात की कळेल. त्यात पिल्लू दिवसभर काचेवर नाक घासतं.

माझं मत पेटीला. साधा प्लाय गोव्याच्या पावसात फुगतो, म्हणून मरीन प्लाय घ्या, होड्यांच्या कामात वापरतात तो. सांधे सिलिकॉनने बुजवा, वास पूर्ण गेल्यावरच पिल्लू सोडा. आत फूटभर तरी माती-वाळू हवी, मुठीत दाबली की गोळा टिकेल इतपत ओली. नाहीतर बीळ ढासळतं. दिव्याखालचा दगड ५० ते ६० अंश, दुसरं टोक २५ ते २८.

खाणं दोन्हींत तेच: कॅल्शियम पावडर लावलेले रातकिडे, पाळीव झुरळं, गोगलगायी. उंदीर क्वचितच, चरबी चढते. स्वयंपाकघरातलं झुरळ मात्र मुळीच नको, त्याने कुठलं औषध चाटलंय कोण जाणे.