बायपोलर, डोक्यावर कर्ज आणि यूपीआय सर्कल: वापरून बघितलेल्याचा रिव्ह्यू

यूपीआय सर्कलबद्दल मराठीत जे काही सापडतं ते सगळं "आईबाबांना द्या, कॉलेजच्या पोरांना द्या" इथेच संपतं. बायपोलर आहे (मूड कधी खूप चढतो, कधी खूप पडतो असा आजार), नोकरी चालू आहे, जुनं कर्ज फेडणं चालू आहे अशा माणसाला ते कितपत उपयोगी पडतं हे कुठे वाचायला मिळालं नाही म्हणून लिहितोय. पाचातले साडेतीन स्टार, दीड का कापला ते पुढे येईलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने २०२४ च्या ऑगस्टमध्ये आणलेलं फीचर आहे. बँक खातं एकाचं, पण त्यातून दुसरा माणूस स्वतःच्या फोनवरून पेमेंट करू शकतो. खातेवाला प्रायमरी, दुसरा सेकंडरी. पार्शल प्रकारात क्यूआर मी स्कॅन करायचा पण पिन प्रायमरीने त्याच्या फोनवर टाकला तरच पैसे जाणार. फुल प्रकारात लिमिट आधीच ठरवून द्यायची, महिन्याला जास्तीत जास्त १५,००० आणि एका वेळी ५,०००, मग दरवेळी विचारत बसायला नको. प्रायमरी पाच जणांना जोडू शकतो, सेकंडरीला मात्र एकच प्रायमरी.

आमच्याकडे प्रायमरी माझी ताई. दोघं नाशकातच, ती इंदिरानगरला, मी सिडकोत. आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, पैसे *प्रायमरीच्या* खात्यातून जातात, तुमच्या नाही. म्हणजे तुमचा पगार तुमच्याच खात्यात पडून राहिला आणि तिथे यूपीआय चालू असली तर या सगळ्याचा काही उपयोग नाही. आम्ही असं बसवलंय की पगार आला की लगेच कर्जाचे हप्ते ऑटो डेबिटने जातात, मग ठरलेली रक्कम स्टँडिंग इन्स्ट्रक्शनने ताईच्या एका वेगळ्या खात्यात जाते आणि माझा सगळा खर्च तिथून. माझ्या खात्यावरची यूपीआय काढून टाकली, डेबिट कार्डाचं ऑनलाइन बंद केलं, एटीएमची लिमिट खाली आणली. कार्डाची ही चालू-बंद सोय ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक बँकेला द्यावीच लागते, अ‍ॅपमध्ये शोधा, असते कुठेतरी कोपऱ्यात लपवलेली.

याचा खरा उपयोग मूड चढतो तेव्हा. लोकांना वाटतं की मॅनियात, म्हणजे मूड असा चढलेला असताना, माणूस चैन करतो, एमजी रोडला जाऊन मोबाईल उचलतो. ते होतंच, पण जास्त पैसे खातात त्या आयडिया. त्या वेळी प्रत्येक खर्च म्हणजे गुंतवणूक वाटते आणि हिशोब इतका पटणारा असतो की समोरचाच येडा वाटायला लागतो. यावेळी माझी आयडिया होती सिंहस्थात भाविकांना तंबू भाड्याने द्यायचे. रात्री एक वाजता तंबूवाल्याचा नंबर काढला, रेट काढले, तपोवनाच्या बाजूला जागा कुठे मिळेल त्याचा नकाशा काढला, आणि ॲडव्हान्स म्हणून रक्कम टाकली. रिक्वेस्ट गेली ताईच्या फोनवर. तिने काहीच केलं नाही. सकाळी मेसेज, "चहाला ये, बघू". बस. भांडण नाही, डोळ्यात पाणी नाही, भाऊजींना मध्ये घालणं नाही. तिने काहीच केलं नाही तर पैसे जात नाहीत, ही या फीचरमधली सगळ्यात भारी गोष्ट. आधी तिला माझ्याकडून कार्ड काढून घ्यावं लागायचं आणि मग आठवडाभर आम्ही एकमेकांशी बोलायचो नाही. (दिवसभर कंपनीत परचेसला बसतो मी, तिथे तीन कोटेशन आल्याशिवाय पेन पण घेत नाही. असो.)

पण हेच पार्शल रोज वापरायला गेलं की वैताग. मिसळ खाऊन गल्ल्यावर उभं राहायचं, मागे रविवारची गर्दी, ताई उचलत नाही, मालक आपल्याकडे बघतोय आणि आपण चाळिशीचा माणूस "एक मिनिट हां, बहिणीला विचारतो". नको वाटतं. म्हणून आता नेहमीच्या दिवसात फुल ठेवतो, कमी लिमिटचं, आणि सलग दोन रात्री झोप कमी झाली की ताई पार्शलवर टाकते. हा नियम मी बरा असताना आम्ही दोघांनी कागदावर लिहून सह्या करून ठेवलाय, त्यामुळे तेव्हा "मी ठीक आहे गं" हा माझा युक्तिवाद चालत नाही. आमच्या डॉक्टरांना हे फार आवडलं.

डाऊन असतो तेव्हा याचा काडीचा उपयोग नाही. तेव्हा पैसे खर्चच होत नाहीत, उलट खात्यात पैसे असून बिल भरलं जात नाही कारण अ‍ॅप उघडवत नाही, पाकीट फोडवत नाही, फोन उचलवत नाही. तिथे कामाला येतं ते ऑटो डेबिटच. आणि क्रेडिट कार्डाला ऑटो डेबिट लावताना "मिनिमम ड्यू" निवडू नका, ते भरून लेट फी वाचते पण बाकीच्या रकमेवर महिन्याला तीन टक्क्यांच्या वर व्याज चालूच राहतं आणि नवीन खरेदीला बिनव्याजी दिवसही मिळत नाहीत. माझं निम्मं कर्ज असंच फुगलं होतं.

आता कापलेला दीड स्टार. सर्कल फक्त यूपीआयचं दार राखतं. क्रेडिट कार्ड, पे लेटर, लोन अ‍ॅप हे सगळं उघडंच, आणि मॅनियातलं मोठं नुकसान तिथूनच होतं. कार्डाची लिमिट कमी करून घ्यायला मी एका बँकेत गेलो तर काउंटरवरचा म्हणाला "साहेब, लोक वाढवायला येतात", दोनदा अर्ज द्यावा लागला. तरी करून घ्या, तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय ते परत वाढवू शकत नाहीत असा आरबीआयचा नियम आहे. रात्रीत लोन घेतलंच गेलं तर घरच्यांना सांगून ठेवा की डिजिटल लोनला कूलिंग-ऑफ असतो, २०२५ च्या नियमांनुसार कमीत कमी एक दिवस, तेवढ्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसाचं व्याज परत केलं तर दंड लागत नाही. आणि वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करत असतील तर ते नियमात बसत नाही, स्क्रीनशॉट ठेवा, आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, दाद नाही मिळाली तर आरबीआयच्या लोकपालाकडे.

ज्या बाईच्या घरात पैशाच्या चाव्या आधीच नवऱ्याच्या नाहीतर सासूच्या हातात आहेत तिने आजाराच्या नावाखाली हे अजिबात सेट करू देऊ नये. प्रत्येक भाजीचं पेमेंट समोरच्याला दिसतं. माझी ताई कधी विचारत नाही की मेनरोडला साडेचारशे कशाचे गेले, म्हणून हे चालतंय. तसं माणूस नसेल तर सही दोघांची लागणारं जॉइंट खातं आणि थोडी एफडी बरी.

एनपीसीआयवाल्यांना एकच मागणं, रात्री ११ ते सकाळी ६ पेमेंट बंद असा टायमर द्या, प्रायमरी असो नसो. ताईला रात्री झोपू दे. तोपर्यंत रात्री डोकं पळायला लागलं की मी १४४१६ ला फोन लावतो, टेली मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि तंबूंचे रेट त्यांनीही ऐकून घेतले.