पोर्चमध्ये तीनदा ऑइल बदललं : चौदा महिन्यांचा अनुभव

ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो. चौदा महिन्यांत गाडीचं इंजिन ऑइल तीन वेळा घरी बदललं आणि चौथ्यांदाही घरीच बदलणार आहे. पैसे वाचतात, पण लोक छाती फुगवून सांगतात तेवढे नाही. काम सोपं आहे, पण व्हिडिओत दिसतं तेवढं नाही. आणि निघालेल्या काळ्या ऑइलचं करायचं काय, यावर कोणी चकार शब्द काढत नाही. खरा घोळ तिथेच आहे.

गाडी २०१६ ची स्विफ्ट, पेट्रोल, ११९७ सीसी. घर नागपूरच्या नंदनवनात, नोकरी बुटीबोरी एमआयडीसीत, म्हणजे रोजचे साठेक किलोमीटर आलेच. सर्व्हिसचं वेळापत्रक दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. माझे दहा हजार सात महिन्यांतच भरतात.

याआधी गाडी सर्व्हिस सेंटरला जायची. शेवटचं बिल सहा हजार दोनशे रुपयांचं आलं. त्यात इंजिन फ्लश होतं, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग होतं, मी न मागितलेल्या आणखी दोन-तीन गोष्टी होत्या. आणि ऑइल साडेतीन लिटर. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात फिल्टरसकट ३.१ लिटर लिहिलेलं आहे. काउंटरवर विचारलं तर म्हणाले, "सर, डबा साडेतीनचाच येतो." मी चिडलो. ही चीड लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

सामानाची खरेदी एका शनिवारी इतवारीत लोहाओळीत केली. दोन जॅक स्टँड, एक हायड्रॉलिक जॅक, रिंग पाना, फिल्टर खोलायचा पट्ट्याचा पाना, नरसाळं, हातमोजे. सगळे मिळून चार हजारांच्या थोडे खाली गेले. यातल्या एकाच गोष्टीवर मी घासाघीस केली नाही, ती म्हणजे स्टँड. गाडीसोबत येणारा कात्रीसारखा जॅक टायर बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालणारा माणूस मला दिसला तर मी पाय धरून बाहेर ओढेन. हायड्रॉलिक जॅकही गाडी फक्त उचलतो. तोलून धरायचं काम स्टँडचं. स्टँड लावल्यावर गाडीला दोन्ही हातांनी चांगला धक्का देऊन बघायचा, मगच खाली सरकायचं. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर. माझ्यासारख्या पोट सुटलेल्या माणसाला गाडी न उचलता खाली जाणं तसंही शक्य नाही.

पहिला मुहूर्त मी काढला मे महिन्याच्या शेवटी, ऐन नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत. नागपूरकराने हे करावं म्हणजे कमाल आहे. सकाळी सातला सुरुवात केली, म्हटलं आठला चहा पिऊ. ऑइल पातळ व्हावं आणि गाळ घेऊन निघावं म्हणून इंजिन पाच मिनिटं चालवून गरम करायचं असतं, तेही केलं. मग गाडीखाली शिरलो आणि ड्रेन बोल्टला, म्हणजे जुनं ऑइल काढायच्या खालच्या बोल्टला, पाना लावला. बोल्ट जागचा हलेना.

बोल्ट त्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी हवेच्या गनने आवळला असावा. तासभर झटलो. नऊ वाजता फरशीवर पाठ टेकवत नव्हती. शेजारचे काका पोर्चच्या कठड्यावर हात ठेवून पाहत होते. रेल्वेतून रिटायर झालेले आहेत, बोलण्यात मोकळे.

"काऊन रे बाबू, गॅरेजवाले सारे गावाला गेले का?"

"बोल्ट निघत नाही काका."

"निघन कसा? वीतभर पान्याने काय होते? थांब, पाइप देतो."

त्यांनी बोअरवेलच्या कामातून उरलेला दोन फुटांचा लोखंडी पाइप आणून दिला. पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला, जोर लावला, कट्ट असा आवाज आला आणि क्षणभर मला वाटलं बोल्टच तुटला. नव्हता तुटला, सुटला होता. दांडा लांब झाला की कमी जोरात काम होतं, हे शाळेत शिकलो होतो. पटलं त्या दिवशी.

ऑइलच्या धारेबद्दल एक गोष्ट सांगतो, ती मला कुठे वाचायला मिळाली नव्हती. बोल्ट निघाल्याबरोबर धार सरळ खाली पडत नाही. ती कमान घेऊन हातभर पुढे जाते, मग जोर ओसरला की हळूहळू मागे सरकते. मी खाली उथळ घमेलं ठेवलं होतं. पहिलं पाव लिटर फरशीवर. घाईत स्वयंपाकघरातून ॲल्युमिनियमचा जुना गंज, म्हणजे पातेलं, ओढून आणला. त्यावर बायको एवढंच म्हणाली, "आता तो तिकडेच राहू द्या." तो तिकडेच आहे. दुसऱ्या वेळेपासून मी पाच लिटरचा कॅन आडवा ठेवून वरची बाजू कापतो आणि खाली जुनी पोती अंथरतो. फरशीवर सांडलंच तर आधी लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकायची, पाणी नाही.

फिल्टरचं काम सांगण्यासारखं कमी, जपण्यासारखं जास्त. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग कधीकधी इंजिनलाच चिकटून राहते. ती तशीच ठेवून वर नवा फिल्टर बसवला तर दोन रिंगा एकावर एक येतात आणि गाडी चालू झाली की दाबाने ऑइल बाहेर उडतं. म्हणून बोट फिरवून बघायचंच. नव्या फिल्टरच्या रिंगेला ताज्या ऑइलचं बोट लावायचं, हाताने फिरवत न्यायचा, रिंग टेकली की त्यापुढे पाऊण फेरा, बस. पट्ट्याचा पाना खोलण्यासाठी आहे, आवळण्यासाठी नाही. बोल्टचा वॉशर दर वेळी नवा. वीस रुपयांसाठी जुना लावणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांच्या पार्किंगमध्ये काळे डागही पाहिले आहेत.

आता ती चीड. नवं ऑइल ओतताना मी इतका दमलो होतो, उकाडा इतका होता, की नरसाळं लावलं आणि डबा उपडा केला. पूर्ण साडेतीन लिटर. ज्या गोष्टीसाठी सर्व्हिस सेंटरशी भांडलो तीच स्वतःच्या हाताने केली. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढली तर ऑइल वरच्या खुणेच्या बरंच वर. ऑइल जास्त झालं की इंजिनच्या तळाशी फिरणारा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, त्यात आपटतो, फेस होतो, आणि फेसाळ ऑइलने इंजिनला नीट वंगण मिळत नाही. म्हणजे जास्त ओतल्याने गाडीवर उपकार होत नाहीत. बोल्ट पुन्हा सोडायची ताकद नव्हती. मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणि सलाइनची नळी आणली, नळी डिपस्टिकच्या भोकातून खाली सोडली आणि ओढत बसलो. आठ सिरिंज. चारशे मिली. काका मोजत होते.

दुसरी वेळ डिसेंबरच्या मध्यात. गाडी ६८,४०० वरून ७८,१०० वर आली होती. सकाळची थंडी, अंगात स्वेटर, खाली जाड सतरंजी. बोल्ट मी स्वतः माफक आवळलेला असल्यामुळे पहिल्या झटक्यात सुटला. एकूण पन्नास मिनिटं. यावेळी आधी पावणेतीन लिटर ओतलं, इंजिन मिनिटभर चालवलं, नवा फिल्टर भरू दिला, बंद करून दहा मिनिटं थांबलो, आणि मग डिपस्टिक बघत थोडं थोडं वाढवलं. हीच पद्धत बरोबर आहे. तिसरी वेळ या जुलैत, ८८,३०० ला. पाऊस धो धो, पण पोर्चला स्लॅब आहे, काही अडलं नाही.

ऑइल कोणतं, यावर नागपुरात प्रत्येक मिस्त्रीचं मत तयार असतं. "इथलं ऊन पाहता साहेब, २०डब्ल्यू-५० टाका, जाड पाहिजे." ऐकायला पटतं. पण हे आकडे ऑइलच्या घट्टपणाचे. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती चटकन वाहील ते सांगतो. मागचा ३० हा १०० अंश तापमानाला ते किती घट्ट राहील त्याचा. बाहेर ४५ अंश असो की १०, थर्मोस्टॅटमुळे चालतं इंजिन जवळपास त्याच तापमानाला राहतं. ऊन आपल्याला लागतं, इंजिनच्या आतल्या ऑइलला त्याने फारसा फरक पडत नाही. आतल्या वाटा बारीक आहेत. जाड ऑइल सकाळी गाडी सुरू करताना तिथे उशिरा पोचतं, आणि झीज जास्त होते ती नेमकी त्याच वेळी. माझ्या गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० चालतं, म्हणून तेच टाकतो. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळं असेल तर ते टाका. मिस्त्रीला वाईट वाटेल, वाटू द्या.

डब्यावर एपीआयची, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची, दर्जाची खूण बघतो. एसपी ही प्रत २०२० पासूनची, पेट्रोल गाडीसाठी चांगली. आणि रिकामा डबा कबाड्याला देण्याआधी त्याला भोकं पाडतो. धड डबा बाजारात पुन्हा भरला जातो, आणि तो कोणाच्या गाडीत जाईल सांगता येत नाही.

फरक काय पडला, हे सगळे विचारतात. मायलेज साडेसतरा होतं, साडेसतराच आहे. गाडी मख्खन झाली वगैरे काही नाही. ऑइल हजारेक किलोमीटरमध्येच काळपट होतं, त्यात घाबरण्यासारखं नाही. त्यातली सफाईची रसायनं काजळी धरून ठेवतात, ते त्यांचं कामच आहे. मला बदल जाणवला तो वेगळाच. दर दुसऱ्या रविवारी सकाळी, गाडी थंड आणि सपाट जागेवर असताना डिपस्टिक बघायची सवय लागली. डिसेंबर ते जुलै या दहा हजारांत पातळी दोन खुणांमधल्या अंतराच्या पाव हिश्श्याने उतरली. मध्ये समृद्धीवरून शिर्डी झाली, जाऊन-येऊन हजाराच्या वर, १२० ची मर्यादा पाळून. तरी तेवढीच. आधी मला हा आकडा माहीतच नव्हता.

खर्च: ऑइल सतराशे-अठराशे, फिल्टर सव्वाशेच्या आसपास, वॉशर वीस. दोन हजारांत आटपतं. अवजारांचे पैसे पहिल्याच वेळी वसूल झाले असं म्हणता येईल, पण तसं म्हणणं खोटं ठरेल. सर्व्हिस सेंटरच्या बिलात ब्रेक तपासणं, एअर फिल्टर, चाकं फिरवणं हेही असतं. ते मी आता वेगळं करून घेतो, त्याचे पैसे वेगळे. आणि तुमची गाडी वॉरंटीत असेल तर हा उद्योग करूच नका. उद्या काही झालं तर पोर्चमधल्या रविवारची पावती कुठून आणाल? फ्लॅटच्या पार्किंगमध्ये राहत असाल तरी नको, सोसायटीचे सचिव तुम्हाला जगू देणार नाहीत.

राहिलं काळं ऑइल. पहिल्या वेळचं तीन लिटर कॅनमध्ये भरून जिन्याखाली ठेवलं आणि मग लक्षात आलं की याचं पुढे काही ठरवलेलंच नाही. नालीत ओतायचं नाही एवढं नक्की. आमच्या भागातल्या नाल्या नाग नदीत जातात, नाग कन्हानला, कन्हान वैनगंगेला, आणि पुढे गोसेखुर्दचं धरण आहे. नीरी ही पर्यावरणाची राष्ट्रीय संशोधन संस्था ज्या शहरात आहे त्या शहरात हे सांगावं लागू नये, पण गॅरेजसमोरच्या नाल्यांवरचा इंद्रधनुष्यी तवंग सगळ्यांनीच पाहिलेला आहे. २०१६ च्या केंद्राच्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात येतं आणि ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जायला हवं. नियम ठीक आहे, पण तीन लिटर घेऊन त्याच्या दारात कोण उभं करेल? तिथे ड्रमचा हिशेब चालतो.

मागणारे मात्र भरपूर. समोर बांधकाम सुरू आहे, तिथल्या सेंट्रिंगवाल्याला प्लेटांना लावायला हवं होतं. काकांच्या दाराच्या चौकटीला उधळी, म्हणजे वाळवी, लागली होती, त्यासाठी अर्धा लिटर हवं होतं. दोघांनाही नाही म्हणालो. वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेली जी रसायनं साठतात ती कातडीला वाईट, कर्करोगापर्यंत नेणारी. मी हातमोजे घालून हाताळतो ते उगाच नाही, आणि चौकटीला तर नातवंडं हात लावणार. काकांना हे पटलं नाही. "आमच्या बापाने आयुष्यभर लावलं," म्हणाले आणि आठ दिवस कठड्यावर आले नाहीत.

शेवटी बुटीबोरीच्या रस्त्यावर एक मोठं गॅरेज सापडलं. तिथे दोनशे लिटरचा ड्रम ठेवलेला असतो आणि तो भरला की पुनर्प्रक्रियेवाल्यांची गाडी येऊन पावती देऊन नेते. मिस्त्रीने पावतीचं बुक दाखवलं तेव्हाच मी कॅन उतरवला. आता दर वेळी तिथेच. तो पैसे देत नाही, मी मागत नाही. जुना फिल्टर भोक पाडून, उलटा ठेवून रात्रभर निथळवतो आणि तोही तिथेच देतो.

परवा काका पुन्हा कठड्यावर आले. त्यांचा पाइप अजून माझ्याकडेच आहे, तो मागायला आले असतील म्हणून मी उठलो.

"राहू दे तो पाइप," म्हणाले, आणि त्यांच्या ऑल्टोचं पुस्तक माझ्या हातात दिलं. "हिला किती लिटर लागते, पाहून ठेव. आणि दिवाळीनंतर करू. उन्हात नाही."