सिंगापूर की म्युनिक? बॅग भरण्याआधी

हिंजवडीतला माझा एक जुना सहकारी हल्ली आठवड्यातून दोनदा फोन करतो. त्याच्याकडे दोन ऑफर आहेत. एक सिंगापूरच्या बँकेची, दुसरी म्युनिकजवळच्या, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीची. दहा वर्षं एसओसीत, म्हणजे सायबर हल्ल्यांवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या टीममध्ये, काढलेला माणूस रात्री तीनच्या अलर्टवर अर्ध्या मिनिटात निर्णय घेतो, इथे मात्र तीन आठवडे अडून बसलाय. मी आधी सिंगापुरात होतो, आता म्युनिकला आहे. त्याला तुकड्यातुकड्यांत सांगितलेलं इथे एकत्र मांडतो.

पगाराचं आधी उरकून टाकू. सिंगापुरात वर्षाला ८०,००० सिंगापूर डॉलर करपात्र उत्पन्नावर निवासी माणसाला आयकर पडतो ३,३५० डॉलर. परदेशी असल्याने सीपीएफ, म्हणजे तिथला भविष्यनिर्वाह निधी, तोही कापत नाहीत. जर्मनीत आयकर, आरोग्य विमा, पेन्शन, बेकारी विमा असं सगळं वजा होऊन एकट्या माणसाच्या हाती ढोबळमानाने साठ टक्के उरतात. आकड्यांत सिंगापूर सहज जिंकतं. मग घरभाडं आणि मुलांची शाळा येते आणि जिंकलेलं बरंचसं परत जातं. परदेशी मुलांना तिथल्या सरकारी शाळांत जागा उरल्या तरच प्रवेश मिळतो, त्यामुळे बहुतेक भारतीय कुटुंबं सीबीएसईच्या आंतरराष्ट्रीय शाळेची फी भरतात. जर्मनीत सरकारी शाळा फुकट असते, पण ती जर्मनमध्ये.

आता व्हिसा. यावर जरा थांबू, कारण चुका इथेच होतात.

सिंगापूरच्या एम्प्लॉयमेंट पाससाठी, म्हणजे ईपीसाठी, २०२५ पासून महिन्याला किमान ५,६०० डॉलर पगार लागतो. वित्त क्षेत्रात ६,२००. वय वाढेल तसा आकडा चढत जातो. शिवाय ‘कम्पास’ नावाची गुणपद्धत आहे आणि तिच्यात ४० गुण लागतात. सायबर सुरक्षेतल्या काही भूमिका टंचाईच्या यादीत आहेत, त्यासाठी २० गुण जादा मिळू शकतात. मेख पुढे आहे. कंपनीच्या व्यावसायिक पदांवर तुमच्याच देशाचे लोक २५ टक्के किंवा जास्त असतील, तर विविधतेच्या निकषावर तुम्हाला शून्य. ते एक-तृतीयांश झाले, तर टंचाईच्या वीसचेही दहा होतात. म्हणजे ज्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मराठी ऐकू येतं म्हणून आपण खूश होतो, तिथेच अर्ज अडकू शकतो. एचआरला हे आधी विचारा, लाजू नका.

जर्मनीच्या ब्लू कार्डाचं, म्हणजे कुशल परदेशी लोकांच्या नोकरीच्या परवान्याचं, गणित सोपं आहे. आयटीसाठी २०२५ ची मर्यादा वर्षाला ४३,७५९.८० युरो होती, ती दरवर्षी वाढते. या क्षेत्रात पदवी नसली तरी गेल्या सात वर्षांतला तीन वर्षांचा तोडीचा अनुभव चालतो. आपल्या धंद्यात मेकॅनिकलचा डिप्लोमा करून पुढे ओएससीपी हे परवानगीने हॅकिंग करण्याचं प्रमाणपत्र मिळवलेले लोक काही कमी नाहीत, त्यांच्यासाठी हे दार मोठं आहे.

पण खरा फरक नोकरी गेली की कळतो. सिंगापुरात मी ज्या टीममध्ये होतो ती एका बुधवारी बंदच केली. ईपी रद्द झाला आणि हातात ३० दिवसांचा पास आला. भाडेकरारात नोकरी गेल्यावर मध्येच घर सोडू देणारा डिप्लोमॅटिक क्लॉज होता, पण तो बारा महिन्यांनंतर लागू होणारा. घर बदलून सातच महिने झाले होते, म्हणजे दोन महिन्यांचं डिपॉझिट गेलं. फ्रीज विकताना घासाघीस करायचीही ताकद उरली नव्हती. ब्लू कार्डवर बेकारी आली तर किमान तीन महिने तेवढ्याच कारणाने कार्ड काढून घेत नाहीत. आणि बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची जर्मन आली, तर २१ महिन्यांत कायम निवास मिळू शकतो. ए-वनवरच, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीवर थांबलात तर २७. सिंगापूरचं पीआर, म्हणजे तिथला कायम निवास, कुणाला का मिळतं आणि कुणाला का नाही, याचे निकष जाहीर नाहीत. मुलगा असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: आईवडिलांमुळे पीआर झालेल्या मुलाला मोठेपणी दोन वर्षं लष्करी सेवा करावी लागते.

बायकोच्या नोकरीचा प्रश्न बहुतेक जण ऑफर घेऊन झाल्यावर विचारात घेतात. सिंगापुरात डिपेंडंट पासवर, म्हणजे जोडीदाराच्या पासच्या आधारावर राहून, नोकरी करायची, तर मे २०२१ पासून स्वतःचा वर्क पास लागतो. जर्मनीत ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करता येतं आणि व्हिसासाठी भाषेची परीक्षाही नाही. काम मिळायला मात्र भाषा लागते, ते वेगळं. आईबाबांना सोबत राहायला न्यायचं असेल तर सिंगापुरात महिना १२,००० डॉलर पगार हवा. जर्मनीने मार्च २०२४ नंतर आलेल्या कुशल लोकांसाठी ते दार उघडलंय, पण सत्तरीच्या माणसाचा आरोग्य विमा काढताना घाम फुटतो.

कामाचं बघा. पुण्यात आपल्याला सायबर घटना सर्ट-इनला, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, कळवायच्या सहा तासांच्या मुदतीची सवय असते. सिंगापूरच्या बँकेत गंभीर घटना लक्षात आल्यापासून एका तासात मॉनिटरी ऑथॉरिटीला, म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेला, कळवायचं असतं. तो एक तास अंगावर येतो, पण माणूस तयारही तिथेच होतो. जर्मनीत एनआयएस-टू या युरोपीय सायबर सुरक्षा नियमांचा कायदा ६ डिसेंबर २०२५ ला लागू झाला. सुमारे २९,५०० आस्थापना त्याखाली येतात आणि पहिली सूचना २४ तासांत द्यायची असते. कंपन्यांना माणसं हवीत, फक्त धोरणं आणि ऑडिटचे कागद जर्मनमध्ये लिहावे लागतात. हल्ले शोधणाऱ्या डिटेक्शनवाल्याचं किंवा क्लाउडवाल्याचं इंग्रजीवर भागतं, धोरणं आणि ऑडिट बघणाऱ्या जीआरसीवाल्याचं कठीण आहे. रात्री खरंच काम करावं लागलं, तर कायद्याने पुढे सलग अकरा तासांची विश्रांती मिळते. पहिल्यांदा मॅनेजरने ‘दुपारनंतर ये’ म्हटलं तेव्हा मला वाटलं, काढून टाकतायत.

पेनटेस्टिंगवाल्यांनी, म्हणजे कमजोरी शोधायला मुद्दाम हल्ला करून बघणाऱ्यांनी, जर्मन दंडविधानाचं कलम २०२-सी वाचून ठेवावं. हॅकिंगची साधनं जवळ बाळगण्यावरूनही प्रश्न येऊ शकतो, लेखी परवानगीशिवाय काही करू नये. सिंगापुरात ईपीवर नोकरीबाहेरचं दुसरं काम करता येत नाही, तेव्हा सुट्टीतल्या बग बाउंटीचंही, म्हणजे त्रुटी शोधून बक्षीस मिळवण्याचंही, आधी विचारून घ्या.

रोजचं जगणं? सिंगापुरात सिंगपास नावाच्या एका अ‍ॅपवर निम्मी सरकारी कामं होतात. जर्मनीत कर क्रमांक पोस्टाने येतो, बँकेचा पिनही पोस्टाने येतो आणि पत्रपेटीवर तुमचं नाव नसेल तर दोन्ही परत जातात. मी आयुष्यभर लोकांना टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डच्या जोडीला दुसरी ओळख, शिकवला आणि इथे माझा दुसरा फॅक्टर म्हणजे पत्रपेटीवरची चिठ्ठी. भाड्याच्या घरात पुष्कळदा ओटाच नसतो, आधीचा भाडेकरू किचन उचलून नेतो. पहिले पंधरा दिवस आम्ही इंडक्शनवर खिचडी खाल्ली. सिंगापुरात लिटल इंडियातल्या टेक्का मार्केटमध्ये कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा सगळं मिळतं आणि मुंबई साडेपाच तासांवर.

कुठेही जा, निघण्याआधी लॉगिनचे कोड देणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप नव्या फोनवर नीट हलवा आणि भारतातलं सिम चालू ठेवा. बँकेचा ओटीपी त्यावरच येणार आहे. मी स्वतः हे विसरलो होतो, हे कुणाला सांगू नका.

परवाच्या फोनमध्ये मी त्याला विचारलं, वहिनींचं काय म्हणणं आहे? तो म्हणाला, अजून नीट विचारलं नाही. काल पुन्हा फोन आला. वहिनींनी मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या ए-वनला नाव घातलंय. त्याचं अजून ठरत नाहीये.